विषाणू वाचला, पण वेळेत वाचला का?

करोनाच्या नव्या प्रकारांचा जनुकीय माग काढणारी यंत्रणा महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून उभी केली. साथ ओसरल्यानंतर या यंत्रणेकडे आपण कसे पाहतो, यावर पुढच्या साथीतील कितीतरी गोष्टी अवलंबून आहेत.

२४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक प्रसिद्धिपत्रक काढले. राज्यांकडून आलेल्या १०,७८७ बाधित नमुन्यांमध्ये चिंताजनक म्हणून घोषित झालेल्या प्रकारांचे ७७१ विषाणू आढळले. त्यांपैकी ७३६ ब्रिटनमध्ये प्रथम दिसलेल्या प्रकाराचे, ३४ दक्षिण आफ्रिकेतील आणि एक ब्राझीलमधील प्रकाराचा, असा तपशील त्यात होता. त्याच पत्रकात पुढे महाराष्ट्राविषयी काही ओळी होत्या. ई४८४क्यू आणि एल४५२आर ही दोन उत्परिवर्तने एकत्र असलेले विषाणू राज्यातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दिसत असून ते आधी नोंदलेल्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत, असे त्यात म्हटले होते. मात्र, काही राज्यांतील वेगवान रुग्णवाढीचा याच्याशी थेट संबंध जोडता येईल एवढ्या प्रमाणात हे विषाणू आढळलेले नाहीत, असा निर्वाळाही सोबत होता.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत काय घडले ते सांगण्याची गरज नाही. प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावणारे नातेवाईक आणि स्मशानांबाहेरच्या रांगा अद्याप कोणी विसरलेले नाही. पत्रकातील त्या ओळींत ज्याचा उल्लेख होता, तो बी.१.६१७ हा विषाणूचा वंश. त्याची एक शाखा, बी.१.६१७.२, पुढे 'डेल्टा' या नावाने जगभर पसरली. या वंशाचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधील, म्हणजे त्या पत्रकाच्या साडेपाच महिने आधीचे आहेत. विषाणू प्रयोगशाळेच्या शीतपेटीत होता, त्याची जनुकीय लिपी वाचण्याचे यंत्र देशात होते आणि ती वाचू शकणारे शास्त्रज्ञही होते. मग साडेपाच महिने कुठे गेले, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

आधी ही लिपी म्हणजे काय ते पाहू. करोना विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ३० हजार अक्षरांची आरएनएची एक साखळी. आरटी-पीसीआर चाचणी या साखळीतील दोन-तीन ठरावीक तुकडे सापडतात का, एवढेच पाहते. विषाणू आहे की नाही हे ती सांगते, कोणता आहे हे सांगत नाही. ते कळण्यासाठी संपूर्ण साखळी वाचावी लागते. रुग्णाच्या नाक-घशातील स्रावातून आरएनए वेगळा करून त्याचे डीएनएमध्ये रूपांतर केले जाते, एकमेकांवर थोडे थोडे चढलेले शेकडो अक्षरांचे तुकडे वाढवले जातात आणि यंत्र ते तुकडे वाचते. मग संगणक त्यांची जुळणी करून वुहानमधील मूळ विषाणूच्या क्रमाशी ओळ न् ओळ ताडून पाहतो. नमुन्यात विषाणूचे प्रमाण कमी असेल, तर वाचन अर्धवट राहते. म्हणून पीसीआरमधील 'सीटी' मूल्य कमी असलेले, अर्थात विषाणूभार जास्त असलेले नमुनेच यासाठी निवडावे लागतात.

तो मूळ क्रम जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगासमोर आला. चीनमधील शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने तो निश्चित केला आणि ऑस्ट्रेलियातील एडवर्ड होम्स यांच्यामार्फत खुला केला. दोनच दिवसांत अमेरिकेतील मॉडर्ना कंपनीने त्यावरून लशीचा आराखडा ठरवला. झांग यांच्या प्रयोगशाळेला मात्र दुसऱ्याच दिवशी 'दुरुस्ती'च्या कारणास्तव टाळे लागले. माहिती खुली करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते, हा या विषयातील पहिला धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला होता.

विषाणू स्वतःची प्रत काढताना चुका करतो. करोनाच्या बाबतीत एका वंशात महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलून टिकून राहतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. पण त्यांच्या क्रमावरून विषाणूंची वंशावळ मांडता येते. कोणता रुग्ण कोणत्या शाखेचा, कोणती शाखा कधी फुटली, कोणती वेगाने वाढते आहे, हे दिसते. एल४५२आर या क्लिष्ट वाटणाऱ्या नावाचा अर्थ सोपा आहे: विषाणूच्या काट्यातील प्रथिनात ४५२ व्या जागी ल्युसीन हे अमिनो आम्ल होते, तिथे आर्जिनीन आले. या काटेप्रथिनात १,२७३ जागा आहेत आणि पेशीत शिरण्याची किल्ली तेच आहे, त्यामुळे शास्त्रज्ञांचे डोळे तिथे लागलेले असतात.

ब्रिटनने हे सर्वांत आधी ओळखले. मार्च २०२० मध्येच शॅरन पीकॉक यांच्या नेतृत्वाखाली 'कॉग-यूके' हा प्रयोगशाळांचा संघ उभा राहिला आणि सरकारने व वेलकम सँगर संस्थेने त्यासाठी दोन कोटी पौंडांची तरतूद केली. तरीही अल्फा या प्रकाराची कथा पाहण्यासारखी आहे. त्याचे पहिले नमुने सप्टेंबर २०२० मधील आहेत आणि त्याची जाहीर घोषणा झाली डिसेंबरच्या मध्यावर. टाळेबंदी असूनही केंट परगण्यात रुग्ण का वाढताहेत, असा प्रश्न साथरोगतज्ज्ञांना पडला, तेव्हा कुठे जनुकीय माहितीच्या ढिगातील तो वंश उठून दिसला. त्यात नशिबाचाही वाटा होता. अल्फाच्या काटेप्रथिनात दोन अमिनो आम्ले गळालेली असल्याने एका प्रचलित पीसीआर संचातील तीनपैकी एक खूण दिसेनाशी होत असे, आणि त्यामुळे क्रमनिर्धारण न करताही त्याचा प्रसार मोजता आला. डेल्टाच्या बाबतीत अशी सोय नव्हती. सांगायचे ते हे, की क्रम वाचल्याने उत्तर मिळत नाही. रुग्णालयातून, जिल्ह्यातून आलेला प्रश्न आणि प्रयोगशाळेतील क्रम यांची गाठ पडावी लागते.

ती गाठ आपल्याकडे पडली नाही. अल्फाच्या बातमीनंतर डिसेंबर २०२० च्या अखेरीस केंद्राने 'इन्साकॉग' हा दहा प्रयोगशाळांचा संघ स्थापन केला. पुण्यातील राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन संस्था त्यात होत्या. देशातील बाधित नमुन्यांपैकी पाच टक्क्यांचे क्रमनिर्धारण करण्याचे उद्दिष्ट ठरले. कागदावर ते वाजवी वाटते. पण १ मे २०२१ रोजी देशात एका दिवसात चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले. त्याचे पाच टक्के म्हणजे रोजचे वीस हजार क्रम. या यंत्रणेने पहिल्या तीन महिन्यांत एकूण तपासले ते दहा हजारांच्या घरात. उद्दिष्ट ठरवणाऱ्याने लाटेचा हिशेब केलाच नव्हता, असे म्हणावे लागते. त्यात मे २०२० मध्ये दोनशे कोटी रुपयांपर्यंतच्या सरकारी खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यास बंदी घालण्यात आली होती. क्रमनिर्धारणाची रसायने प्रामुख्याने परदेशातून येतात. ती मिळवताना या नियमाने प्रयोगशाळांची कोंडी झाली आणि पुढे संशोधनासाठी त्यातून सवलत द्यावी लागली. आत्मनिर्भरतेचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण साथ ऐन भरात असताना अभिकर्मकांची बाटली अडवून ती साधत नाही.

परंतु सगळा दोष संख्येच्या माथी मारणे चुकीचे होईल. फेब्रुवारी २०२१ मधील विदर्भ आठवा. अमरावती, अकोला, यवतमाळ येथे रुग्णसंख्या अचानक चढू लागली होती. घरातला एक बाधित झाला की सगळे कुटुंब बाधित होत असल्याचे डॉक्टर सांगत होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. त्याच सुमारास राज्याच्या आरोग्य विभागाने खुलासा केला, तो असा की, या भागातील नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका वा ब्राझील येथील प्रकार आढळलेले नाहीत. हा खुलासा खोटा नव्हता. विदेशातून आलेल्या चोरांची यादी हाती घेऊन पहारेकरी उभा होता. यादीतले कोणी सापडले नाही, म्हणून त्याने 'सब ठीक' असा पुकारा केला. चोर घरातच तयार होऊ शकतो, ही शक्यता यादीत नव्हती. विमानतळावर उतरणाऱ्यांचे नमुने प्राधान्याने तपासायचे, हे धोरणही त्याच मनोवृत्तीतून आले होते. पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेच्या नमुन्यांचा अभ्यास नंतर प्रसिद्ध केला, तेव्हा एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर हे तीन बदल वर्षारंभापासून कसे वाढत गेले, याचे चित्र स्पष्ट झाले. चित्र होते, ते पाहणारा अधिकारी आणि ते रंगवणारा शास्त्रज्ञ यांच्यामध्ये अनेक टेबले होती.

राज्यांनी नमुने पाठवायचे, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने निष्कर्ष एकत्र करायचे आणि तिथून ते राज्यांना कळवायचे, असा तो मार्ग. 'रॉयटर्स' या वृत्तसंस्थेने मे २०२१ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, इन्साकॉगच्या शास्त्रज्ञांनी मार्चच्या आरंभीच या विषाणूविषयी वरिष्ठ अधिकाऱ्यांना सावध केले होते. मंत्रालयाच्या २४ मार्चच्या पत्रकात मात्र 'अत्यंत चिंताजनक' हा त्यांचा शब्द उतरला नाही. इन्साकॉगच्या शास्त्रीय सल्लागार गटाचे अध्यक्ष, विषाणूतज्ज्ञ शाहीद जमील यांनी त्याच महिन्यात पद सोडले. त्या तीन आठवड्यांत पाच राज्यांच्या निवडणुकांच्या सभा आणि हरिद्वारचा कुंभमेळा यांचे निर्णय व्हायचे होते किंवा फिरवता येण्यासारखे होते. एका शब्दाने लाट थांबली असती, असा दावा कोणी करू नये. प्राणवायूची मागणी आधी नोंदवता आली असती, खाटांची जुळवाजुळव आधी झाली असती, एवढे तरी म्हणता येते. आणि एप्रिल २०२१ मध्ये 'एवढे तरी' म्हणजे पुष्कळ होते.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जून २०२१ मध्ये डेल्टात के४१७एन हा आणखी एक बदल झालेला 'डेल्टा प्लस' राज्यात २१ जणांत आढळल्याचे जाहीर झाले. त्यांत रत्नागिरी आणि जळगाव जिल्ह्यांतील रुग्ण सर्वाधिक होते. काही दिवसांतच राज्य सरकारने सर्व जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तराचे निर्बंध लागू केले. दुसऱ्या लाटेचे घाव ताजे असताना सरकारने सावधगिरी बाळगली, यात नवल नाही. पण डेल्टा प्लस पसरला नाही. साध्या डेल्टापुढे तो टिकलाच नाही. एखादे उत्परिवर्तन दिसणे ही बातमी असते. त्याचा वाटा आठवड्यागणिक वाढतो आहे का, ही माहिती असते. पहिली गोष्ट एका नमुन्यावरून कळते, दुसरीसाठी दर आठवड्याला, त्याच पद्धतीने, सर्व जिल्ह्यांतून नमुने घ्यावे लागतात. फेब्रुवारीत आपल्याकडे दुसरी नव्हती, जूनमध्येही नव्हती. फरक होता तो भीतीच्या प्रमाणात.

मुंबईने यावर आपल्या परीने मार्ग काढला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी कस्तुरबा रुग्णालयात महापालिकेची स्वतःची जनुकीय क्रमनिर्धारण प्रयोगशाळा सुरू झाली. एका फेरीत ३८४ नमुने वाचण्याची तिची क्षमता. पहिल्या फेरीतील मुंबईच्या १८८ नमुन्यांपैकी १२८ डेल्टाचे निघाले. आकडा छोटा असला तरी त्याचे महत्त्व वेगळे होते: नमुना शहराचा, यंत्र शहराचे आणि निष्कर्षही थेट शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर. पुण्यातही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, 'आयसर' आणि अन्य संस्थांनी मिळून हे काम सांभाळले. साथीच्या काळात महाराष्ट्राने मिळवलेल्या ज्या थोड्या चांगल्या गोष्टी आहेत, त्यांत यांची गणना व्हायला हवी.

ओमायक्रॉनच्या वेळी वेगाचा नमुना दक्षिण आफ्रिकेने घालून दिला. ९ नोव्हेंबर २०२१ चा नमुना, २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला सूचना आणि २६ नोव्हेंबरला नामकरण. अल्फाला जिथे तीन महिने लागले, तिथे दोन आठवड्यांत काम झाले. तुलिओ द ऑलिव्हेरा यांच्या गटाने माहिती लगेच खुली केली, आणि जगाने त्यांना बक्षीस दिले ते विमाने बंद करून. एवढेच नव्हे, तर उड्डाणे थांबल्याने प्रयोगशाळांना लागणारी रसायने मिळणेही अवघड झाले. विषाणू तोवर युरोपात पोहोचलेला होता. आपणही 'भारतीय प्रकार' हे नाव ऐकून मे २०२१ मध्ये किती संतापलो होतो, ते आठवावे. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे दिली, ती याच कारणाने. नाव बदलल्याने शिक्षा मात्र टळली नाही.

ग्रीक अक्षरे ओमायक्रॉनपाशीच थांबली. त्यानंतरचे सारे प्रकार ओमायक्रॉनचीच संतती आहेत आणि त्यांची नावे वंशावळीच्या हिशेबी पद्धतीने पडतात. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात आणि पाठोपाठ सिंधुदुर्गात आढळलेला जेएन.१ म्हणजे बीए.२.८६.१.१, आणि बीए म्हणजे बी.१.१.५२९. टिंबांची साखळी लांबली की तिला नवे अक्षर देतात, एवढेच. सामान्य वाचकाला दर चार महिन्यांनी येणारी ही नवी अक्षरे भीतिदायक वाटतात, आणि काही वाहिन्यांना ती तशी वाटावीत असेही वाटते. नवे नाव म्हणजे नवा धोका नव्हे. बहुतेक वेळा ती फक्त वंशावळीतील नवी नोंद असते.

जून २०२५ मधले उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. देशातील सक्रिय रुग्ण सात हजारांच्या आसपास गेले आणि एक्सएफजी या प्रकाराचे १६३ रुग्ण इन्साकॉगच्या नोंदीत आले. त्यांपैकी ८९ महाराष्ट्रातील. 'महाराष्ट्रात सर्वाधिक' असा मथळा करणे सोपे होते. पण क्रमनिर्धारण कुठे किती झाले, हे बाजूला ठेवून केलेली अशी तुलना फसवी असते. जिथे यंत्रे आहेत, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नमुने पाठवण्याची सवय आहे, तिथे विषाणू जास्त सापडतो. एखाद्या राज्याच्या नावापुढे शून्य असेल, तर तिथे विषाणू नाही, असेही असेल. किंवा पाहणारा नाही, असेही असेल. माहिती प्रसिद्ध करताना सापडलेल्या संख्येबरोबर तपासलेल्या नमुन्यांची जिल्हावार संख्या दिली, तर हा घोळ एका झटक्यात मिटेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर चाचण्या घटल्या, चाचण्या घटल्या म्हणून नमुने घटले आणि नमुने घटले म्हणून क्रम घटले. 'जीआयएसएआयडी' या जागतिक संग्रहात करोनाचे दीड कोटींहून अधिक क्रम आहेत. त्यांतील बहुसंख्य साथीच्या पहिल्या तीन वर्षांतले. लोकांना चाचणीचा कंटाळा आला, हे स्वाभाविक आहे. मग माग काढायचा कसा?

याचे उत्तर मुंबईला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पोलिओच्या विषाणूसाठी शहराच्या सांडपाण्याचे नमुने तपासण्याचे काम इथे २००१ मध्ये सुरू झाले, आणि देशातील ती पहिलीच अशी व्यवस्था होती. शहराच्या गटारांनी पोलिओ निर्मूलनात बजावलेली भूमिका आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही, हा भाग वेगळा. करोनाचा विषाणूही विष्ठेतून बाहेर पडतो. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतील नमुन्यांतून ओमायक्रॉनच्या शाखा ओळखून दाखवल्या. बंगळूरमध्येही असे काम झाले. या पद्धतीत कोणाच्या नाकात काडी घालावी लागत नाही, कोणाचे नाव नोंदवावे लागत नाही, आणि लक्षणे नसलेल्यांचीही मोजदाद होते. एका नमुन्यात लाखभर लोकांचा अंदाज मिळतो. मर्यादाही आहे: ज्या वस्त्यांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्या इथेही अदृश्य राहतात. आपल्या शहरांत अशा वस्त्या किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको. तिथे उघड्या नाल्यांतून नमुने घ्यावे लागतील, आणि पोलिओच्या कामाने तेही करून दाखवले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूचा माग लागला तो विषाणूविज्ञान संस्थेतील तपासणीतून आणि संशय गेला तो पाण्यावर. करोनासाठी उभी राहिलेली यंत्रे, संगणक आणि मुख्य म्हणजे तिथे तयार झालेली तरुण मंडळी क्षयरोगाच्या औषधरोधी जंतूंसाठी, डेंग्यूसाठी, फ्लूसाठी तितकीच उपयोगी आहेत. यंत्र झाकून ठेवता येते. कंत्राटावर घेतलेला तंत्रज्ञ कंत्राट संपले की निघून जातो. त्यामुळे महापालिकांच्या आणि राज्याच्या अर्थसंकल्पात रसायनांसाठी आणि पगारासाठी कायम तरतूद आहे की ती दर लाटेला नव्याने मागावी लागते, एवढे पाहिले तरी या यंत्रणेची प्रकृती कळेल.

राहिला प्रश्न माहिती खुली करणाऱ्याच्या संरक्षणाचा. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने साथींविषयीचा करार स्वीकारला. रोगजंतूंचे नमुने व त्यांची जनुकीय माहिती देणाऱ्या देशांना त्यातून तयार होणाऱ्या लशी-औषधांचा वाटा कसा मिळावा, हा सर्वांत वादग्रस्त भाग मात्र तेव्हा वेगळ्या परिशिष्टासाठी पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आला. श्रीमंत देशांना क्रम तातडीने हवे आहेत. गरीब देशांना त्या बदल्यात लशींची हमी हवी आहे. भारत या सौद्यात दोन्ही बाजूंना बसतो: इथे नवे प्रकार जन्मतात आणि जगाला पुरणाऱ्या लशीही इथेच, त्यातही पुण्यात, तयार होतात. त्या वाटाघाटींत आपली भूमिका कोणत्या बाजूने झुकते, याची चर्चा दिल्लीइतकीच पुण्या-मुंबईतही व्हायला हवी होती; ती अजून झालेली नाही.